एकोणसत्तर प्रेमगीते आणि खरेपणाचा सवाल

दहावीच्या वर्गात गझल शिकवायला घेतली की दरवर्षी शेवटच्या बाकावरून एक सवाल हमखास येतो. "सर, ये शायर का इश्क सच्चा था क्या?" वर्ग हसतो, आम्हीही हसतो आणि फळ्यावर 'मरकजी खयाल' असे लिहून पुढे सरकतो. बी.एड.ला असताना पाठ टाचणात विद्यार्थ्यांचे संभाव्य प्रश्न लिहून काढावे लागत. त्यात हा प्रश्न आम्ही कधी धरला नव्हता. इतकी वर्षे शिकवूनही त्याचे धड उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधायला आम्हाला मदत झाली ती एका अमेरिकी गाण्यांच्या संग्रहाची. प्रस्तुत लेख त्या संग्रहाविषयी आहे.

संग्रहाचे नाव '६९ लव्ह साँग्स' आणि बँडचे नाव 'द मॅग्नेटिक फील्ड्स'. सप्टेंबर १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन सीडी, प्रत्येकीवर तेवीस गाणी, एकूण जवळजवळ पावणेतीन तासांचा ऐवज. काढणारी कंपनी 'मर्ज' ही अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली, दोघा वादकांनी १९८९ साली उभी केलेली. अशा लहान, स्वतंत्र कंपन्यांकडून निघणाऱ्या संगीताला तिकडे 'इंडी' म्हणतात. आपल्याकडे मोठ्या प्रकाशनसंस्था आणि पदरमोड करून निघणारी अनियतकालिके यांच्यात जे अंतर आहे, साधारण तसेच ते समजावे.

बँड म्हटले तरी हा कारभार मुख्यतः एका माणसाचा आहे. त्याचे नाव स्टीफिन मेरिट, जन्म १९६५. सगळी गाणी त्याची, चाली त्याच्या, बरीचशी वाद्येही त्यानेच वाजवलेली. त्याची शाळेपासूनची मैत्रीण क्लॉडिया गॉन्सन, चेलो वाजवणारा सॅम डाव्होल, गिटार आणि बँजो सांभाळणारा जॉन वू अशी त्याची मंडळी. बँडचे नाव घेतले आहे ते आंद्रे ब्रेताँ आणि फिलिप सूपो या फ्रेंच कवींनी मिळून लिहिलेल्या, १९२० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरून. म्हणजे पुस्तकांतून गाण्याकडे आलेला हा माणूस आहे, हे नावातच दिसते.

पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या धाकट्या भावाने हा संग्रह फोनवर पाठवला. शाळेला जायला आम्हाला एस.टी.ने तासभर लागतो. एका सीडीला एक फेरी पुरते. पहिल्या दिवशी जाताना पहिली सीडी ऐकली, येताना दुसरी, दुसऱ्या दिवशी तिसरी. मग महिनाभर तेच चालले. इंग्रजी गाण्यांचा आमचा अभ्यास नाही. शब्द लिहून घेऊन, कोश उघडून ऐकावे लागले. पण गझलही आम्ही अशीच शिकलो होतो, त्यामुळे त्याचे काही वाटले नाही.

आधी आवाजाविषयी सांगतो. मॅग्नेटिक फील्ड्सचे नव्वदच्या दशकातले काम 'सिंथ पॉप' या नावाने ओळखले जाते. सिंथेसायझर म्हणजे आपल्या लग्नाच्या बँडमध्ये ज्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात त्याचा मोठा भाऊ, आणि सोबतीला यंत्राचा ठेका. १९९४ चे 'हॉलिडे' आणि १९९५ चे 'गेट लॉस्ट' या संग्रहांत हाच आवाज आहे. '६९ लव्ह साँग्स' मध्ये सिंथेसायझरच्या शेजारी युकुलेली, बँजो, अकॉर्डियन, चेलो येऊन बसतात. पण तालीम झाली आहे ती यंत्राच्याच घरात. 'लाँग-फरगॉटन फेअरीटेल' हे डडली क्लूटने गायलेले गाणे ऐकावे. जुने प्रेम पुन्हा उफाळते, पुन्हा तीच कहाणी सुरू होते, आणि खाली यंत्राचा ठेका अगदी निर्विकारपणे चालू राहतो. माणूस कासावीस आहे आणि ठेक्याला त्याचे सोयरसुतक नाही. आमच्या मते गाण्यातला दर्द या निर्विकारपणामुळेच जास्त लागतो.

यंत्राच्या संगीतावर एक जुना आरोप आहे. गिटार खरी आणि कॅसिओ खोटा. तारेला बोट लागते म्हणून तिथे दिल आहे, बटण दाबले की दिल गेले. हा आरोप मेरिटला चांगला माहीत आहे. 'अकूस्टिक गिटार' हे त्याचे गाणे गिटारलाच उद्देशून आहे. ते क्लॉडिया गॉन्सन गाते. गेलेल्या मुलीला परत आणून दे म्हणून ती गिटारची मनधरणी करते, तिला मोठी करण्याचे आमिष दाखवते. खरेपणाची खूण म्हणून लोक ज्या वाद्याकडे पाहतात, त्याच्याशी इथे चक्क सौदा चालला आहे. ऐकताना हसू येते, आणि मग लक्षात येते की गाणारीला मुलगी खरोखरच परत हवी आहे.

इथून आपण मुख्य मुद्द्याकडे येतो. मेरिटने स्पष्ट सांगितले आहे की हा संग्रह प्रेमाविषयी नाही, प्रेमगीतांविषयी आहे, आणि प्रेमगीतांचा प्रेमाशी फार लांबचा संबंध असतो. न्यूयॉर्कच्या एका पियानो बारमध्ये बसलेला असताना त्याला ही कल्पना सुचली. आधी शंभर गाण्यांचा रंगमंचीय कार्यक्रम करायचा विचार होता. शंभर जास्त होतील म्हणून आकडा खाली आला आणि एकोणसत्तरवर थांबला, कारण तो मुखपृष्ठावर छान दिसतो. या आकड्याला इंग्रजीत एक सवंग अर्थही आहे. तो त्याला ठाऊक आहे आणि त्याने तो तसाच राहू दिला आहे.

आधी आकडा ठरवायचा आणि मग तितकी प्रेमगीते लिहायची, हे ऐकून मराठी रसिकाच्या कपाळाला आठी पडेल. भावना उचंबळून आल्याशिवाय कविता कशी होईल, असे आपण शाळेपासून शिकलो आहोत. पण उर्दूच्या माणसाला यात नवे काय? तरही मुशायऱ्यात मिसरा आधी मिळतो, काफिया-रदीफ आधी ठरतो, आणि मग शहरातले वीस-पंचवीस शायर त्याच जमिनीवर इश्क करायला बसतात. दीवान लावताना गझला वर्णानुक्रमाने येतात, प्रेमाच्या क्रमाने नाही. मेरिटने तर २००४ साली 'आय' नावाचा संग्रह काढला. त्यातल्या चौदाही गाण्यांची नावे इंग्रजीच्या त्याच एका अक्षराने सुरू होतात आणि गाणी वर्णानुक्रमाने लावली आहेत. हे कळले तेव्हा आम्हाला एखादा नातेवाईक भेटल्यासारखे वाटले.

आशिकाचे स्वभावही ओळखीचे. 'आय डोन्ट वाँट टू गेट ओव्हर यू' मधला प्रेमिक विसरण्याचे सगळे उपाय एकेक करून मोजतो. गोळ्या आहेत, डॉक्टर आहे, पुस्तके आहेत, पेय आहे. सगळे उपाय ठाऊक असूनही त्याला बरे व्हायचे नाही. आपल्या गझलेत चारागर दारात उभा असतो आणि बीमार दवा नाकारतो, तोच हा बीमार. 'येह! ओ येह!' मध्ये बायको एकामागून एक सवाल विचारते आणि नवरा प्रत्येकाला होकार देत जातो. शेवटचा सवाल खुनाचा आहे, त्यालाही होकारच येतो. सवाल-जवाबाची बैठक ऐकलेल्या माणसाला या गाण्याची रचना समजावून सांगावी लागत नाही. बाकी कुठे बनावट स्कॉटिश लोकगीत आहे, कुठे पंक, कुठे जॅझ. एकोणसत्तर वेळा पोशाख बदलतो, आणि प्रत्येक वेळी आत कोण आहे हे ओळखता येऊ नये अशी व्यवस्था आहे.

यावर आक्षेप घेणारा मोठा माणूस आपल्याच घरात होऊन गेला. मौलाना हालींनी १८९३ साली 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' लिहिला आणि कवितेला तीन गोष्टी मागितल्या: सादगी, असलियत, जोश. गझलेतला इश्क हा तोंडपाठ झालेला इश्क आहे, ज्याने कधी प्रेम केले नाही तोही रडतो आहे, असा त्यांचा रोख होता. तो अगदी गैर होता असे म्हणता येणार नाही. शेकडो दीवान तसे आहेतच. पण हालींच्या कसोटीने जे वाचत नाही, त्यातही जिवंत असे पुष्कळ निघते. रियाज खैराबादींनी जन्मभर शराबवर शेर लिहिले आणि तिला कधी ओठ लावला नाही, असे उर्दूचा प्रत्येक मास्तर वर्गात सांगतो. त्या शेरांतली नशा मग कुठून आली? अमेरिकेतही असेच उदाहरण आहे. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला आयर्विंग बर्लिन नाताळचे सर्वांत लोकप्रिय गाणे लिहून गेला. त्याला कुणी अनुभवाचा दाखला मागितला नाही.

गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा मामलाही या संग्रहात मुद्दाम गुंतवून ठेवला आहे. मेरिटचा स्वतःचा आवाज खर्जातला, जडशीळ. त्याच्याखेरीज चार जण गातात: क्लॉडिया गॉन्सन, शर्ली सिम्स, डडली क्लूट आणि एल. डी. बेगटोल. पुरुष पुरुषासाठी गातो, स्त्री स्त्रीसाठी, पुरुष स्त्रीसाठी, स्त्री पुरुषासाठी. मेरिट समलिंगी आहे आणि त्याने ते लपवलेले नाही. आमच्या काही वाचकांना इथे अवघडल्यासारखे होईल, हे आम्ही समजू शकतो. पण उर्दू गझलेतला माशूक व्याकरणाने पुल्लिंगी असतो आणि ती गझल आपण मुलामुलींच्या वर्गात बिनदिक्कत शिकवतो, 'रिवायत आहे' एवढे म्हणून. 'पापा वॉज अ रोडिओ' हे गाणे पाहा. ट्रकवाल्यांच्या जगातला एक फिरस्ता माइक नावाच्या कुणाला तरी सांगतो की माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. नाव पुरुषाचे. गाण्याच्या शेवटी पंचावन्न वर्षे उलटून गेलेली असतात, दोघे अजून एकत्र असतात, आणि माइकच्या बाजूने उत्तर येते ते शर्ली सिम्सच्या, म्हणजे बाईच्या आवाजात. आपण मनात भरलेला पंचनामा तिथे गळून पडतो. राहते ती पंचावन्न वर्षांची सोबत.

आम्ही भाषेचे मास्तर, त्यामुळे 'द डेथ ऑफ फर्दिनाँ द सोस्यूर' या गाण्यापाशी थांबणे भाग आहे. सोस्यूर हा जिनिव्हाचा भाषाशास्त्रज्ञ, १९१३ साली वारला. शब्द आणि अर्थ यांचे नाते निसर्गाने दिलेले नसते, ते समाजाच्या संकेताने ठरते, हे त्याचे म्हणणे. गाण्यात हे गृहस्थ भेटतात आणि प्रेमाविषयी आपल्याला काहीच कळू शकत नाही असे ठासून सांगतात. गाणारा त्यांच्यावर गोळी झाडतो, तीही हॉलंड, डोझिअर, हॉलंड या मोटाउन कंपनीच्या गीतकार-त्रयीच्या नावाने. थट्टा उघड आहे. पण तिच्यात एक बारकी गोष्ट आहे. ज्या गीतकारांच्या नावाने सूड घेतला तेही संकेतांवरच जगणारे, ठरलेल्या मापाची प्रेमगीते आठवड्यामागून आठवडा पाडणारे कारागीर. संकेत आहे म्हणून अर्थ नाही, या निष्कर्षावर ती गोळी आहे. शब्द संकेताने ठरला म्हणून 'पाणी' म्हटल्यावर तहान लागायची राहत नाही.

संग्रहात उणे नाही असे नाही. 'पंक लव्ह', 'लव्ह इज लाइक जॅझ', 'एक्स्पेरिमेंटल म्युझिक लव्ह' ही गाणी म्हणजे निव्वळ चुटके. आकडा भरायचा नसता तर ती राहिली नसती. दुसरी उणीव आम्हाला जास्त टोचली. 'वर्ल्ड लव्ह' नावाचे एक गाणे आहे, परमुलखातल्या संगीताची गंमत करणारे. युरोप-अमेरिकेच्या प्रत्येक पेहरावाला मेरिटने बारकाईने शिवण घातली आहे. उरलेल्या जगाच्या वाट्याला मात्र एक घाऊक कपडा. ऐकताना आम्हाला आपल्याकडच्या दिवाळी अंकांची आठवण झाली. तिथेही आपल्यासाठी अशीच एक जागा राखीव असते.

त्या जागेविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण हा संग्रह आम्हाला का लागला ते त्याशिवाय सांगता येणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दिवाळी अंकाकडे एक कथा पाठवली. एका म्हाताऱ्या नाटकवेड्या ब्राह्मण कारकुनाची ती गोष्ट होती. संपादकांनी ती आपुलकीच्या पत्रासह परत केली. भाषा चांगली आहे, पण तुमच्या समाजाचे अनुभव लिहिलेत तर आम्हाला अधिक आनंद होईल, असे त्यात होते. आम्ही ते पत्र चार मित्रांना दाखवून संताप व्यक्त केला. आपण फक्त जबानी द्यायची, कल्पना करायची ती इतरांनी, असा हा न्याय आहे, असे बरेच काही बोललो.

आणि मग आम्ही काय केले? आमच्या वर्गात एक मुलगी होती. वहीच्या मागच्या पानांवर गझला लिहायची. सगळ्या माशूकाच्या, हिज्राच्या, पुल्लिंगी क्रियापदांच्या, रिवायतीप्रमाणे. वजन बऱ्यापैकी सांभाळलेले. आम्ही वही तपासून खाली लाल शाईने लिहिले, "ये तुम्हारा तजुर्बा नहीं है. अपने घर पर, अपने मोहल्ले पर लिखो." आमच्या परीने तो चांगला सल्ला होता. तिने वही परत घेतली, आणि पुढे त्या मागच्या पानांवर काही दिसले नाही. संपादकांनी आमच्याशी जे केले, तेच आम्ही पंधरा वर्षांच्या मुलीशी केले, फक्त त्यांचे अक्षर अधिक सुरेख होते. हे आमच्या ध्यानात आले ते पुष्कळ उशिरा, एस.टी.त हा संग्रह ऐकताना.

अनुभवाच्या साहित्याचे मोल आम्ही कमी करत नाही. ज्यांचे जगणे कुणी लिहिलेच नव्हते, त्यांनी ते लिहिणे हे मोठे काम होते आणि आहे. पण आपल्या परंपरेत दुसरेही कुणी आहेत. पेशवाईतले शाहीर सगनभाऊ शिकलगार, धर्माने मुसलमान. त्यांच्या आणि त्यांच्या काळच्या शाहिरांच्या लावणीत बोलते ती बहुधा स्त्री. तिचा साजण, तिची रात्र, तिची तक्रार. शस्त्रांना धार लावणाऱ्या जमातीतल्या या माणसाला ती बाई कुठे भेटली, असे फडावर कुणी विचारले नसावे. आपण मात्र आज एकमेकांना विचारत बसलो आहोत.

सरतेशेवटी 'द बुक ऑफ लव्ह'. दोन-तीन वाद्ये, मेरिटचा खर्ज, तीन मिनिटांहून कमी. प्रेमावरचा जो काही ग्रंथ असेल तो जाडजूड आणि कंटाळवाणा आहे, त्यात कामाचे फार थोडे आहे, हे गाणारा आधीच कबूल करतो. पण तूच तो मला वाचून दाखवत असलास तर माझी काही तक्रार नाही, असा भाव. संपूर्ण संग्रहावरची टीका मेरिटने या एका गाण्यात स्वतःच करून ठेवली आहे. पुढे २००४ साली पीटर गेब्रिएल या प्रसिद्ध गायकाने ते एका चित्रपटासाठी गायले, आणि तेव्हापासून ते लोकांच्या लग्नांत वाजू लागले. आकडा भरण्याच्या योजनेतून निघालेले, प्रेमाशी आपला लांबचा संबंध आहे असे जाहीर करणाऱ्या माणसाचे गाणे, आणि त्याच्या साक्षीने माणसे जन्माची गाठ बांधताहेत. त्यांच्यापैकी कुणीही मेरिटला विचारायला गेले नाही की तुझे प्रेम खरे होते का. त्यांचे स्वतःचे होते, तेवढे पुरे होते.

मेरिटने जबानी दिलीच नाही असेही नाही. २०१७ साली त्याचा '५० साँग मेमॉयर' आला. आयुष्याच्या पहिल्या पन्नास वर्षांतल्या प्रत्येक वर्षाला एक गाणे, सगळे स्वतःविषयी. कंपनीच्या प्रमुखाने सुचवले आणि त्याने ते मनावर घेतले. पण ते पन्नाशीला आले, एकोणसत्तर मुखवटे घालून झाल्यावर. तोपर्यंत कुणाच्याही चेहऱ्याने गाण्याची मोकळीक त्याने स्वतःला दिली होती. २०२४ साली या संग्रहाला पंचवीस वर्षे झाली म्हणून बँडने ती सगळी गाणी दोन-दोन रात्री बसून पुन्हा सादर केली. पंचवीस वर्षांनीही लोक तो पावणेतीन तासांचा ऐवज ऐकायला येतात, यातच काय ते आले.

यंदा पुन्हा दहावीला गझल आहे. शेवटच्या बाकावरून सवाल येईल. या वेळी आम्ही फळ्याकडे वळणार नाही. शायरचे आम्हाला माहीत नाही, शेर खरा आहे की नाही ते तू म्हणून बघ, असे त्या मुलाला सांगावे म्हणतो. त्या मुलीचे शाळा सोडून झाले आहे. तिची बहीण आठवीत आहे. तिच्या हाती एक कोरी वही द्यायची ठरवले आहे, वर काहीही न लिहिता.